सावत्र घर, हरवलेली मुलगी आणि बाराव्या प्रकरणात अडकलेली कादंबरी – मदत हवी आहे

ओलीवाट

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून एक रहस्यकादंबरी लिहिते आहे. अकरा प्रकरणं हातावेगळी झाली आणि बाराव्यात गाडं रुतलं ते रुतलंच. इथे बरेच जण रहस्यकथा मनापासून वाचतात, काही जण कोर्टकचेऱ्या जवळून पाहिलेले आहेत, म्हणून सगळं मांडते.

ईरा कर्णिक, वय तेरा, पुण्यात राहते. ती सात वर्षांची असताना आईवडिलांचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. वडील समीर नाशिकला. आई अनघाने तीन वर्षांनी मिलिंद शेलारशी लग्न केलं. मिलिंदचंही हे दुसरं लग्न. त्याचा मुलगा ओम सतरा वर्षांचा आहे आणि त्याच्या आईकडे सांगलीला असतो. म्हणजे ईराला एक भाऊ आहे, पण तो तिच्या घरात कधीच राहिलेला नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ईरा वडिलांकडे जाते. मिलिंद तिला वाकडेवाडीच्या स्टँडवर नाशिकच्या गाडीत बसवून देतो, कंडक्टरला सांगतो, आणि समीर तिकडे उतरवून घेतो. एका शनिवारी ती नाशिकला पोचतच नाही. त्या आठवड्यात अनघा-समीरचं फोनवर भांडण झालेलं असतं, त्यामुळे समीरला वाटतं हिने रागाने पाठवलं नाही. अनघाला वाटतं ती वडिलांकडे आहे. ती तिकडे असताना फोन करायचा नाही, हे दोघांनी पूर्वीच ठरवलेलं. रविवारी रात्री आठला ईरा परतत नाही तेव्हा उलगडतं की दीड दिवस ती दोन्ही घरांत नव्हती.

शेवटचं पाहिलं कोणी? मिलिंदने.

आता अडचण. वाचकाला मिलिंदचा संशय यावा म्हणून मी काही पेरलं होतं. पण पहिला खर्डा तीन मैत्रिणींना दिला, तर तिघींनीही माझं पेरलेलं काही यायच्या आधीच, तिसऱ्या पानावर सांगितलं, "तोच असणार, सावत्र बाप आहे ना." म्हणजे संशय मी उभाच केला नाही, त्या एका शब्दाने केला. मग मी लेखक म्हणून केलं काय? आणि खरं उत्तर वेगळं निघालं तर वाचकाला ते पटेल, की फसवल्यासारखं वाटेल?

शिवाय कायद्याचं मला काही कळत नाही. मिलिंद ईराचा कोण लागतो? पोलीस त्याची तक्रार घेतील का? आणि अशा घरांत राहिलेल्यांनी लिहिलं तर फार बरं होईल. माणसं एकमेकांना काय हाक मारतात इथपासून सगळं हवं आहे.

काळाचहा

दोन घरांच्या मधल्या फटीत मूल हरवणं ही तुमच्या कादंबरीतली सगळ्यात भारी गोष्ट आहे. ती जपा. एकत्र घरातलं मूल हरवलं तर तासाभरात बोंब होते. इथे दोघंही पालक प्रेमळ, दोघंही सावध, आणि नेमकं म्हणूनच कोणी फोन केला नाही.

संशयाबद्दल. सावत्र म्हणून तो वाईट, हा सापळा तुम्ही लावलेला नाही, तो भाषेतच लावून ठेवलेला आहे. सावत्र हा शब्द सवतीकडून आला आणि सवत म्हणजे सपत्नी. मूळ भांडण दोन बायकांचं. सावत्र बापाचा त्या भांडणाशी काही संबंध नाही, पण शब्द त्यालाही तोच चिकटला. लहानपणी आपण ध्रुवाची गोष्ट ऐकतो. सुरुची त्याला बापाच्या मांडीवरून खाली उतरवते, ते चित्र डोक्यात पक्कं बसतं. नकुल-सहदेव माद्रीचे, त्यांना कुंतीने वाढवलं, पण कुंतीला 'सावत्र आई' म्हणताना कोणाला ऐकलंय? चांगली निघाली की सावत्र शब्द गळून पडतो.

एक तांत्रिक शंका. नाशिकची गाडी वाकडेवाडीहून सुटते. ईरा सांगलीला ओमकडे गेली असणार असा माझा अंदाज आहे, आणि सांगलीची गाडी सुटते स्वारगेटहून. मधलं अंतर तिने कसं कापलं? कथा सप्टेंबर २०२४ नंतरची असेल तर शिवाजीनगरहून स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, आणि मेट्रो म्हटलं की कॅमेरे आले. पोलिसांना ती एकटी दिसेल. मग मिलिंदवरचा संशय टिकणार कसा?

वकीलताई

मिलिंद ईराचा कायद्याने कोण? नैसर्गिक पालक तर नाहीच. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते दिलं आहे, आणि खाली एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे की या कलमातल्या 'वडील' आणि 'आई' या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. म्हणजे तीन वर्षं डबा भरून देणारा, तापात रात्रभर उशाशी बसणारा माणूस कागदावर तिचा पालक नाही. पालक व्हायचं तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करावा लागतो, किंवा रीतसर दत्तक घ्यावं लागतं. सावत्र पालकाला 'कारा'मार्फत, म्हणजे दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेमार्फत, दत्तक घेता येतं, पण जन्मदात्या वडिलांची संमती लागते. इथे समीर हयात आहे, तो सही देईल का, हा तुमच्या कादंबरीतला एक मोठा प्रसंग होऊ शकतो.

पण पोलीस मिलिंदला "तुम्ही कोण?" म्हणून हाकलून देतात असं मात्र लिहू नका. तक्रार कोणीही देऊ शकतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले तेव्हापासून हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा असतो. हद्दीचा वाद घालून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर घ्यावाच लागतो. कलम भारतीय न्याय संहितेचं १३७. आणि या कलमात 'कायदेशीर पालक' म्हणजे ज्याच्याकडे मुलाची देखभाल कायदेशीररीत्या सोपवली आहे अशी व्यक्तीही येते. तेव्हा पालकत्वाचा कायदा मिलिंदला दाराबाहेर उभा करतो आणि फौजदारी कायदा त्याला थोडं आत घेतो. ही विसंगती वापरा.

समीरनेच मुलगी लपवली असा फसवा धागा असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातल्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींत, मुलीच्या ताब्याबद्दल काय लिहिलंय ते तपासनीस अधिकाऱ्याला वाचायला लावा. कोर्टाचा मनाईचा आदेश नसेल तर जन्मदात्या वडिलांनी मूल नेलं म्हणून अपहरण होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलं आहे.

आणखी एक. सावत्र मुलगी हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या वर्ग १ च्या वारसांत येत नाही. मिलिंद मृत्युपत्र न करता गेला तर ईराला त्याचं काही मिळणार नाही. म्हणून त्याने मृत्युपत्र करून ठेवलं असेल, आणि झडतीत ते कपाटात सापडलं, तर पोलिसांना आधी वाटेल काहीतरी व्यवहार आहे. निघेल मात्र उलटंच.

मु_पो_वाई

सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे आणि ते कडू लागेल. घरातल्याच माणसाकडून मुलींना त्रास होतो हे खोटं नाही. मी शाळेत वीस वर्षं शिकवलं. एक मुलगी रोज शाळा सुटल्यावर तासभर पायऱ्यांवर बसून राहायची, घरी जायची नाही. कारण कळायला आम्हाला फार उशीर झाला. तेव्हा 'सावत्र बाप बिचारा' अशी कादंबरी लिहून वाचकांचा सावधपणा घालवू नका, ही कळकळीची विनंती. पोलिसांनी मिलिंदला विचारायलाच हवं, आणि ओलीवाटताईने तो प्रसंग पोलिसांना दुष्ट न करता लिहावा.

ओलीवाट

मु_पो_वाई, कडू नाही लागलं. माझा तपासनीस अधिकारी आतापर्यंत उगाच खेकसणारा होता, ते मी बदलते. त्याने प्रश्न विचारावेत, नीट विचारावेत, आणि मिलिंदलाही आतून वाटावं की याने हे विचारलंच पाहिजे.

काळाचहा, मेट्रोचा मुद्दा डोक्यात नव्हता. शोधाची पहिली रात्र नाशिकच्या रस्त्यावर जाते, कारण ती नाशिकला निघाली होती. स्वारगेटकडे कोणाचं लक्ष जायला वेळ लागेल, तेवढा वेळ मला पुरे.

आण्णा_मिरज

मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होतो, आता निवृत्त. कोणाचीही ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, पण मुलं कशी वागतात ते सांगतो, कारण रहस्य तिथेच आहे.

आईबापांची तारीख असली की मुलांना भेटायला एक खोली असते. खेळणी, चित्रांच्या भिंती. एक पोरगं दर भेटीला बापाने आणलेलं चॉकलेट तिथल्या तिथे संपवायचं. भूक नसली तरी. मी विचारलं, बाळा, घरी का नेत नाहीस? तर म्हणालं, आईला वाईट वाटेल. मग कागद आमच्या टोपलीत टाकायचं आणि तोंड धुऊन यायचं. सहा वर्षांचं पोर! पुरावा नष्ट करणं मी त्याच्याकडून शिकलो.

ही मुलं खोटारडी नसतात हो. इकडचं तिकडे सांगायचं नाही, तिकडचं इकडे सांगायचं नाही, एवढंच ती शिकलेली असतात. त्यामुळे ईराकडे गुपित ठेवायची ताकद तिच्या वयाच्या इतर मुलींपेक्षा कितीतरी जास्त असणार. ओम तिला भेटत असेल, बोलत असेल, आणि घरात कोणाला पत्ता नसेल, हे मला शंभर टक्के पटतं. सावत्र भावंडांचं आईबापांच्या पाठीमागे चांगलंच गूळपीठ जमतं. दोघांनाही एकच गोष्ट माहीत असते, ती म्हणजे मोठी माणसं मोडू शकतात.

हाक मारण्याबद्दल: जन्मदाता 'बाबा' असेल तर दुसऱ्याला 'पप्पा', नाहीतर 'काका', नाहीतर नुसतं नाव. सावत्र आईला 'मावशी' फार ऐकलं. काही पोरं वर्षानुवर्षं हाकच मारत नाहीत. "ते... हे... भाजी संपलीय" असं बोलतात. आणि एखाद्या दिवशी चुकून 'बाबा' तोंडातून जातं, मग घरात सगळे गप्प. कोणी काही बोलत नाही, पण त्या दिवशी त्या माणसाचं जेवण लागत नाही.

अबोली८८

इथे नेहमी फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं, कारण ईरा म्हणजे मीच, फक्त हरवले नाही.

मी नऊ वर्षांची असताना आईने दुसरं लग्न केलं. मी त्यांना काका म्हणायचे, अजूनही म्हणते. सहावीत असताना जूनमध्ये नव्या वह्यांना कव्हर घालायचा कार्यक्रम काकांकडे असायचा. ते खाकी कागद इतका चापूनचोपून दुमडायचे की वही वर्षभर कोपऱ्यात फाटायची नाही. लेबलं मी लिहायचे. त्या वर्षी मी एका वहीवर, मराठीच्याच, माझ्या नावापुढे त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे त्यांचं आडनाव. बाकीच्या सगळ्या वह्यांवर शाळेतलं, माझ्या वडिलांचं. त्या एका वहीचं लेबल कोणाला दिसू नये म्हणून ती दप्तरात नेहमी मागे ठेवायचे. बाईंनी वह्या तपासायला घेतल्या, हजेरीतल्या नावाशी जुळेना, म्हणून वर्गात मोठ्याने विचारलं, "ही कोणाची वही?" मी उठले नाही. वही तशीच टेबलावर राहिली. मधल्या सुट्टीत जाऊन घेतली आणि लेबलवर दुसरं लेबल चिकटवलं.

काकांना हे माहीत नाही. माझ्या वडिलांवर माझा राग नव्हता, तेही चांगले आहेत. मला फक्त एकदा ते नाव लिहून कसं दिसतं ते बघायचं होतं.

आपल्याकडे नावाच्या मधोमध बाप असतो ना. इतर ठिकाणी नुसतं आडनाव, आपल्याकडे प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक प्रमाणपत्रावर, पहिल्या आणि शेवटच्या नावाच्या मध्ये तो उभा. ज्यांना एकच वडील आहेत त्यांना ते जाणवत नाही.

वकीलताई

अबोली, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

नावाचाच विषय आहे म्हणून एक जोडते. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचं नावही घ्यायचं ठरवलं: मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. ईराला ते लागू नाही. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्रातलं एक प्रकरण आलं होतं. विधवा आईने पुनर्विवाह केला, आणि उच्च न्यायालयाने तिच्या नव्या पतीची नोंद कागदपत्रांत 'सावत्र वडील' अशी करायला सांगितली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश जवळजवळ क्रूर म्हणून रद्द केला, त्याचा मुलाच्या मनावर परिणाम होईल म्हणून. तिथे वडील हयात नव्हते, तुमच्याकडे आहेत, तेव्हा तो निवाडा जसाच्या तसा इथे बसत नाही. पण एक शब्द कागदावर आला की मुलाला लागतो, हे न्यायाधीशांनाही जाणवलं.

काळाचहा

ओलीवाट!! अबोलींची परवानगी असेल तर तुमचं बारावं प्रकरण त्या लेबलात आहे. ईरा कुठेतरी स्वतःचं नाव वेगळं लिहिते. सगळे शोधताहेत ईरा समीर कर्णिक. ती कोणत्या तरी नोंदवहीत आहे, पण ईरा मिलिंद शेलार म्हणून.

अबोली८८

परवानगी आहे. फक्त ती वही मराठीची ठेवा.

सिस्टर_स

मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात वॉर्डात आहे. कुठे नाव लिहिलं जाईल म्हणाल तर आमच्या केस पेपरवर. सांगलीहून परतताना गाडीत उलट्या-जुलाब सुरू झाले, पोरगी गळाली, वाटेतल्या गावात कुणा बाईने उतरवून आमच्याकडे आणली. असं होतं. नाव सांग म्हटलं की मूल जे सांगेल तेच लिहितो, आधार कार्ड बघून कोणी सलाईन लावत नाही.

पण एकटं मूल आलं की आम्ही चौकीला कळवतोच, ते विसरू नका. मात्र आमचा कागद जाणार 'ईरा शेलार' नावाने आणि पुण्यातली तक्रार असणार 'ईरा कर्णिक'ची. फोटो फिरेपर्यंत दोन्ही कागद एकमेकांना भेटणार नाहीत. एक दिवस सहज जाईल. आणि मुलीला आम्ही नंबर विचारणारच. ती कोणाचा देईल?

काळाचहा

मिलिंदचा! आणि तो फोन पोलिसांकडे आहे, बंद. संशयित म्हणून काढून घेतलेला. सिस्टर नंबर लावताहेत, लावताहेत, लागत नाही.

वकीलताई

पंचनामा करून जप्त केला, सील केला असं दाखवा म्हणजे फोन बंद राहण्याला कारण मिळेल. सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडच्या कॉलच्या नोंदी, मागवतात, तो यायला वेळ लागतो. चालेल.

ओलीवाट

हात थरथरताहेत, खरंच सांगते.

आता एक सांगायचं राहिलंय. मी मिलिंदच्या जागी आहे. माझ्या नवऱ्याचा मुलगा आठ वर्षांचा असताना आमच्याकडे राहायला आला, आता सतराचा आहे. तो मला नावाने हाक मारतो आणि त्यात मला काही कमी वाटत नाही. आल्यावर पहिले काही महिने तो माझ्या हातची आमटी खायचा नाही, वरचं पाणी तेवढं घ्यायचा, डाळ तशीच. मी काही बोलले नाही. त्याच्या आईकडून हिंग कुठला वापरतात ते विचारून घेतलं. ती चटकन म्हणाली, "हिंग नाही गं, आमसूल. मी चिंच घालत नाही." तेव्हापासून आमच्याकडे आमसुलाची आमटी होते. या कादंबरीत कुठेतरी ते येणारच आहे. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या सहलीच्या संमतिपत्रावर मी सही केली आणि ते परत आलं. 'पालकांची सही आणा' असा निरोप होता. शाळेचं नियमाने बरोबरच होतं. तो कागद त्याने माझ्या हातात न देता फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला आणि बाहेर खेळायला गेला. मला वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवशी मी पहिलं प्रकरण लिहिलं.

आज दुपारी बारावं लिहून काढलं, कच्चंच आहे:

सोमवारी रात्री मिलिंद शेजाऱ्यांच्या फोनवरून एकेका रुग्णालयाला फोन लावतो आहे. वहीत नावं खोडत चाललाय. अकराव्या ठिकाणी कारकून सांगतो, ईरा कर्णिक कोणी नाही. मिलिंद आभार मानतो. ठेवणार तेवढ्यात कारकून विचारतो, कोणी फोन केला होता म्हणून लिहायचं? तो म्हणतो, मिलिंद शेलार. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज येतो. "थांबा हं. शेलार? आमच्याकडे एक शेलार आहे. ईरा मिलिंद."

मिलिंदने उभ्या जागी काय केलं ते मी अजून लिहिलेलं नाही. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

आण्णा_मिरज

लिहू नका. तो पत्ता विचारेल, गाडीची किल्ली शोधेल, आणि आधी समीरला फोन करेल. बापाला.

मु_पो_वाई

आण्णांशी सहमत. आणि माझी हरकत मी मागे घेत नाही, पण ही कादंबरी मी विकत घेऊन वाचेन.

ओलीवाट

समीरला आधी फोन! हे मला सुचलं नसतं. घेते.

सिस्टर, एक शेवटचं. केस पेपरवर मुलांची जन्मतारीख लिहितात की वय?

सिस्टर_स

वय. वर्षं १३, स्त्री. आमच्याकडे सोबत कोण आलंय तेही लिहून घेतात. ती एकटी आहे, पण कारकून विचारेलच, "घरचं कोण येणार आहे?" तिथे तिने काय सांगितलं ते ठरवा. काका म्हणाली का अजून काही.